एआय नोकरी खाईल का? त्याआधी झोप कोण खातंय ते बघू

"मॅडम, हे एआय आमची नोकरी खाणार का हो?"

हल्ली हा प्रश्न मला कुठेही गाठतो. केबिनमधे तर येतोच, पण लग्नात जेवायला बसल्यावर, गणपतीच्या आरतीनंतर प्रसाद घेताना, बँकेच्या लायनीत सुद्धा. विचारणारेही सगळ्या तऱ्हेचे. इंदूरच्या सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीतली पंचविशीची मुलगी, विजयनगरच्या कॉल सेंटरमधला टीम लीडर, जवळच्या पीथमपूरला कारखान्यात प्लॅनिंग बघणारे गृहस्थ, कोर्टाची कागदपत्रं टाइप करून देणारी एक बाई. २०२५ च्या जुलैमधे टीसीएसनं जगभरातली सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांच्या वर माणसं कमी करणार म्हणून जाहीर केलं तेव्हा तर माझा फोन खाली ठेवायची सोय नव्हती. कंपनीच्या प्रमुखांनी सांगितलं की याचं कारण एआय नाही, जिथे कौशल्यं जुळत नाहीत तिथला हा प्रश्न आहे, पण घाबरलेला माणूस तेवढं कुठे ऐकतो, त्यानं "१२ हजार" ऐकलं आणि टीव्ही बंद केला.

मी समुपदेशक आहे, ज्योतिषी नाही आणि आयटीवालीही नाही, त्यामुळे कोणाची नोकरी राहणार आणि कोणाची जाणार हे सांगायच्या फंदात पडत नाही. पण इतकी वर्षं माणसांचं ऐकून एक गोष्ट मला पक्की कळलीये. रात्री तीनला ज्याला जाग येते ना, त्याला जागं ठेवणारा प्रश्न बहुतेक वेळा हा नसतोच. हा प्रश्न चारचौघांत विचारता येतो म्हणून वर असतो, खाली दुसरंच काहीतरी दडलेलं असतं.

धीर देणारे मात्र भरपूर असतात. त्यांचं एक ठरलेलं वाक्य आहे, "अरे बँकेत कॉम्प्युटर आले तेव्हा पण असंच घाबरले होते सगळे, काय झालं?" गोष्ट खरी आहे. १९८० च्या दशकात रंगराजन समितीच्या शिफारशींनंतर बँकांमधे कॉम्प्युटर यायला लागले, युनियननी कडाडून विरोध केला, करार झाले, आणि शेवटी बहुतेकांच्या नोकऱ्या राहिल्या. ठीक. पण इंदूरमधे बसून फक्त बँकेचंच उदाहरण देणं मला पटत नाही. आपल्याकडे मालवा मिल, हुकुमचंद मिल, राजकुमार मिल या कापडगिरण्या होत्या की, त्या बंदच पडल्या. ज्यांच्या घरात मिलचा भोंगा वाजत होता त्यांना बँकेची गोष्ट सांगून काय उपयोग? माणसाला कळतं हो, समोरचा आपल्याला गप्प करायला बोलतोय ते. खोटा धीर हा असा असतो, ऐकताना बरा वाटतो आणि घरी पोचेपर्यंत उतरतो.

तर या प्रश्नाबद्दल मला जे म्हणायचंय ते एका केसवरून सांगते. त्यांना सुधीरजी म्हणूया. नाव बदललंय, कंपनीचे तपशील इकडचे तिकडे केलेत, लिहायची परवानगी त्यांचीच आहे, वर म्हणाले "लिहा, पण आधी बायकोला दाखवा."

वय ४७. ऑटो पार्ट्सच्या एका खाजगी कंपनीत अकाउंट्स सांभाळतात, कारखाना पीथमपूरला, ऑफिस इंदूरला. १९ वर्षं एकाच ठिकाणी. राहायला सुदामानगर, घर स्वतःचं पण लोन चालू, मुलगी इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला, आई यांच्याकडेच. पहिल्या दिवशी बायको सोबत आली होती आणि बोललीही तीच जास्त. "रात्री तीनला उठतात मॅडम, लॅपटॉप उघडून बसतात. विचारलं तर म्हणतात चेक करतोय. काय चेक करतात देव जाणे."

काय चेक करत होते ते पुढे कळलं. मालकाच्या मुलानं, म्हणजे ऑफिसात ज्याला सगळे छोटे सेठ म्हणतात त्यानं, बिलं वाचणारं एक सॉफ्टवेअर आणलं होतं. पार्टीचं बिल पीडीएफमधे येवो नाहीतर व्हॉट्सअॅपवर वाकडातिकडा फोटो येवो, ते वाचून त्यातला जीएसटी नंबर, रक्कम, टॅक्स, मालाचा प्रकार सांगणारा एचएसएन कोड सगळं उचलतं, जीएसटी पोर्टलवरच्या २बी शी, म्हणजे विकणाऱ्यांनी भरलेल्या बिलांच्या यादीशी जुळवतं आणि एंट्री तयार करून ठेवतं. आधी हे काम चार मुलं करायची, सुधीरजी त्यांच्यावर. अजून कोणाला काढलं नव्हतं, काढणार असं कोणी म्हणालंही नव्हतं. पण सुधीरजींनी एक वही घातली होती, शंभर पानी, लाल पुठ्ठ्याची, आणि त्यात त्या सॉफ्टवेअरच्या चुका. तारीख, पार्टीचं नाव, काय चुकलं, शेवटी लाल पेनानं रक्कम. ट्रकभाड्याच्या बिलावर रिव्हर्स चार्ज, म्हणजे बिल घेणाऱ्यानं भरायचा टॅक्स, धरला नाही. एका ठिकाणी एचएसएन कोड ८७०८ च्या जागी ८७०३ वाचला, म्हणजे स्पेअर पार्टची अख्खी मोटारगाडी करून टाकली. हे सांगताना ते पहिल्यांदा हसले, आणि मी पण.

वही ते पहिल्याच वेळी घेऊन आले होते. माझ्यासमोर टेबलावर ठेवली, पुरावा ठेवतात तशी.

मी विवेकनिष्ठ पद्धतीनं काम करते. अल्बर्ट एलिस यांनी १९५० च्या दशकात न्यूयॉर्कमधे ती मांडली, आपल्याकडे मुंबईत कि. मो. फडके सरांनी मराठी माणसापर्यंत पोचवली. बाकीच्या पद्धती वाईट आहेत असं नाही, पण मला हीच मानवते कारण यात माणसाला लहान मूल समजत नाहीत. त्रास घटनेमुळे थेट होत नाही, मधे आपण त्या घटनेबद्दल काय धरून बसलोय ते असतं, आणि ते धरलेलं तपासता येतं, हिशोब तपासतात तसं. अकाउंट्सच्या माणसाला हे पटकन कळलं याचं मला आश्चर्य वाटलं नाही.

"नोकरी गेली तर काय होईल?" मी विचारलं.

"मग संपलंच."

"काय संपलं?"

"सगळंच की मॅडम."

"सगळं म्हणजे किती? तुम्ही हिशोबाचा माणूस. आकडा सांगा."

ते माझ्याकडे बघतच राहिले. मग मी पॅड पुढे केला आणि विचारलं, कंपनीत कोणी सोडून गेलं तर त्याची ग्रॅच्युइटी कोण काढतं? म्हणाले, मीच. आजवर किती जणांची काढली असेल? खूप जणांची. स्वतःची कधी काढलीत?

नव्हती काढली. १९ वर्षांत एकदाही नाही. प्रत्येक सोडून जाणाऱ्या माणसाचे १५ भागिले २६ यानं तोंडी केलेले आणि स्वतःचा आकडा याला माहीत नाही. बेसिक ३८ हजार, दर वर्षामागे १५ दिवस, महिना २६ दिवसांचा, गुणिले १९. त्यांनी पेन घेतलं आणि मोबाईल न काढता लिहिलं, ४ लाख १६ हजार आणि वर काही. त्याखाली एफडी, ३ लाख. पीएफला हात लावायचा नाही असं ते म्हणाले, मी म्हणलं ठीक, तुमची मर्जी, बाजूला ठेवा. मग घरखर्च, लोनचा हप्ता आणि मुलीची फी धरून महिना ६२ हजार. बायकोच्या शिवणक्लासचे १२ हजार येतात ते वजा. भागाकार केला तर १४ महिने निघाले.

"चौदा महिने?" त्यांनी परत भागाकार केला. "मला वाटलं होतं दोन."

"दोन कुठून आलं?"

"माहीत नाही. असंच वाटत होतं."

हे लक्षात ठेवा, कारण हे मी खूप जणांमधे बघते. भीती ज्या आकड्यावर उभी असते तो आकडा कोणी काढलेलाच नसतो. लोक एआयवरचे व्हिडिओ तासन् तास बघतील, "या दहा नोकऱ्या जाणार" म्हणून, आणि स्वतःच्या घराचं एक पान भरणार नाहीत. कोणाचे १४ महिने निघतात, कोणाचे तीन, आणि तीन निघाले तरी माणूस जरा जमिनीवर येतो, कारण तीनचं काहीतरी करता येतं, "सगळं संपलं"चं काहीच करता येत नाही.

ते दोन कुठून आलं हे पुढच्या वेळी कळलं. वडील हुकुमचंद मिलमधे होते. १९९१ संपता संपता मिल बंद पडली तेव्हा सुधीरजी तेरा वर्षांचे. त्यांना आठवतंय ते असं, की दोन महिने घर चाललं आणि मग आईच्या हातातल्या पाटल्या गेल्या. वडील पुढे एका सराफाच्या दुकानावर रात्रीचे राखणदार झाले. मिल मजुरांची देणी कोर्टात अडकली ती अडकलीच. २०२३ च्या २५ डिसेंबरला जेव्हा सुमारे २२४ कोटींचा चेक दिला गेला आणि जवळपास ४,८०० मजुरांच्या घरांना पैसे मिळणार म्हणून पेपरात आलं तेव्हा यांच्या वडिलांना जाऊन नऊ वर्षं झाली होती. पैसे आईच्या नावावर आले. "आईनं पासबुक बघितलं आणि कपाटात ठेवून दिलं, एक शब्द बोलली नाही."

मी त्यांना विचारलं की बाबा काय म्हणायचे, मिल का बंद पडली? इथे त्यांनी मला एक गोष्ट सांगितली जी मी नंतर कितीतरी जणांना सांगितलीये. बाबा म्हणायचे, नवीन मशीन आली म्हणून नाही रे बंद पडली, जुनीच राहिली म्हणून पडली. पॉवरलूमचं कापड स्वस्त, सिंथेटिक आलं, आणि आपले लूम्स आजोबांच्या वेळचे. मिल जाण्यामागे याच्याशिवायही पुष्कळ कारणं होती, मालकांची, कर्जाची, सरकारी धोरणाची, मी काही त्यातली जाणकार नाही. पण मुलानं वडिलांचं अर्धंच वाक्य लक्षात ठेवलं होतं, "बंद पडली" एवढंच. मी फक्त म्हणलं, बाबांचं पूर्ण वाक्य आज पुन्हा एकदा म्हणा. त्यांनी म्हणलं. मग बराच वेळ पंख्याकडे बघत होते.

आणि ते "आता या वयात नवीन शिकणं होणार नाही" वालं वाक्य, ते तर चाळिशीच्या पुढचा प्रत्येक जण माझ्याकडे घेऊन येतो. मी विचारलं, २०१७ मधे १ जुलैला जीएसटी आला तेव्हा वय किती होतं? ३९. कोणी शिकवलं? "कोण शिकवणार मॅडम, सीएलाच येत नव्हतं. रात्र रात्र बसलो." मग २बी आलं, शिकलात. मग २०२३ च्या ऑगस्टपासून वर्षाला ५ कोटींच्या वर उलाढाल असणाऱ्यांना ई-इनव्हॉइस, म्हणजे सरकारी पोर्टलवर नोंदवायचं बिल, लागू झालं, तेव्हा? "ते तर मीच बसवलं ऑफिसात." म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी सरकार यांना नवीन शिकवतंय आणि हे शिकतायत, तरी डोक्यात काय, तर माझ्याच्यानं होणार नाही. एवढं बोलून मी थांबले, पुढचं त्यांनीच म्हणलं, "म्हणजे शिकायची भीती नाहीये मला."

नव्हतीच. पण मग होती कशाची? कारण गंमत अशी की इतकं सगळं होऊनही झोप काही येत नव्हती. काळजी कमी झाली होती, चेहरा सुधारला होता, बायको म्हणाली चिडचिड कमी आहे, पण तीन वाजले की डोळे टक्क. "झोप उघडतेच मॅडम, घड्याळ लावल्यासारखी." इथे दुसरं कोणी असतं तर श्वासाचे व्यायाम देऊन मोकळं झालं असतं. मला मात्र आतून वाटत होतं की हिशोब जुळत नाहीये, कुठेतरी एक एंट्री राहिलीये. आणि मला त्या लाल वहीचं कुतूहल होतं. दर वेळी ती पिशवीत असायची. कोणी मागितली नाही तरी असायची.

एक दिवस मी ती मागितली आणि उघडून बघत बसले. सुरुवातीच्या पानांवर रोजच्या पाच-सहा चुका. पुढे पुढे कमी. शेवटच्या पानांवर आठवड्याला एखादी.

मी विचारलं, "सुधीरजी, या वहीत किती चुका झाल्या म्हणजे तुम्हाला शांत झोप लागेल?"

"मोठी एक झाली तरी पुरे," ते पटकन बोलून गेले.

आणि मग गप्प. मी काही बोलले नाही. बाहेर भंगारवाला ओरडत गेला, तोही गेला. अशा वेळी समुपदेशकानं तोंड बंद ठेवणं ही सगळ्यात अवघड गोष्ट असते, नवीन मुलं शिकायला येतात त्यांना मी हेच सांगते की इथे तुम्ही एक दिलाशाचा शब्द बोललात तर समोरच्याच्या तोंडाशी आलेलं परत पोटात जातं. पाणी पण पुढे करू नका.

"एक झाली होती," ते म्हणाले. "वहीत नाहीये ती."

ट्रान्सपोर्टवाल्याचं बिल. ३८,४०० रुपये. त्यानं आधी व्हॉट्सअॅपवर फोटो पाठवला आणि मग तेच बिल मेलवर पीडीएफ. एकावर नंबर ०४५७ होता, दुसऱ्यावर फक्त ४५७. सॉफ्टवेअरनं दोन बिलं धरली, दोन एंट्र्या केल्या. सुधीरजींना दिसलं. शुक्रवारच्या पेमेंटच्या यादीत दोन्ही होती. एक टिक काढली की काम झालं असतं.

"मी नाही काढली मॅडम. म्हणलं जाऊ दे. जाऊ देत पैसे. मग कळेल छोट्या सेठला, काय आणलंय ते."

पैसे गेले. कोणाला कळलं नाही. ट्रान्सपोर्टवाला गप्प बसला, सॉफ्टवेअर गप्प, आणि सुधीरजी पण. वाट बघत होते, सेठच्या लक्षात कधी येतंय. आणि ज्या तारखेला हे झालं ती त्यांनी मला सांगितली, आणि बायकोनं पहिल्या दिवशी झोप जायला लागल्याची जी वेळ सांगितली होती ती माझ्या नोंदीत होती, दोन्ही एकाच आठवड्यातल्या.

"एकोणीस वर्षांत मी एका रुपयाची गडबड केली नाही," ते म्हणाले. रडले नाहीत, मराठी मध्यमवर्गी पुरुष माझ्यासमोर सहसा रडत नाहीत, चष्मा पुसतात. यांनी तो खूप वेळ पुसला.

मला जे वाटत होतं ते हेच. नोकरी जाण्याची भीती होतीच, ती खोटी नव्हती, पण भीतीनं माणूस इतका जागत नाही. हा माणूस जागत होता कारण भीतीपायी तो असं काहीतरी करून बसला होता जे त्याच्या स्वतःच्या नजरेत बसत नव्हतं. रोज रात्री तीनला उठून तो सॉफ्टवेअरच्या चुका शोधतोय असं त्याला वाटत होतं, प्रत्यक्षात तो मोठी चूक व्हावी म्हणून वाट बघत होता, म्हणजे ज्या कंपनीचे पैसे वाचवण्यात आयुष्य गेलं तिचंच नुकसान व्हावं म्हणून. आपण मशीनशी शर्यत लावली की असं होतं. त्याच्या चुकांवर आपलं मोठेपण ठेवलं की ते जितकं सुधारेल तितके आपण लहान होत जाणार. ही वहीच अशी होती की यात सुधीरजी जिंकले तरी हरणारच होते.

मी त्यांना सेठला सांगा असं म्हणले नाही. सांगितलं तर काय काय होऊ शकेल ते आम्ही बसून लिहिलं, अगदी नोकरी जाण्यापर्यंत, आणि त्याखाली त्यांनीच त्यांचे १४ महिने लिहिले. तो आकडा तिथे कामाला आला. सोमवारी त्यांनी छोट्या सेठला सांगितलं, तेही पूर्ण, दिसलं होतं आणि जाऊ दिलं हे सुद्धा. सेठ भडकला. दोन आठवडे धड बोलला नाही. ट्रान्सपोर्टवाल्याच्या पुढच्या बिलातून पैसे वळते करून घेतले. मग एक दिवस त्यानंच विचारलं, "अब ये दोबारा न हो इसके लिए क्या करें?" आणि सुधीरजींनी सांगितलं, की नंबरातली सुरुवातीची शून्यं काढून मग जुळवायला सांगा, आणि एका ठराविक रकमेच्या वरचं पेमेंट माणसानं बघितल्याशिवाय जाऊ देऊ नका. झालं तसं. झोप मात्र सेठच्या त्या प्रश्नाची वाट बघत थांबली नव्हती, ती सोमवारी रात्रीच आली होती. सेठ भडकलेला असताना. बायकोचा मंगळवारी सकाळी फोन, "मॅडम, सहा वाजता मी हलवून उठवलं त्यांना." असे फोन आले की त्या दिवशीचा माझा चहा जरा जास्तच गोड लागतो, खोटं कशाला बोलू.

आता तुमच्याबद्दल. सगळ्यांनीच काही ३८ हजारांचं बिल जाऊ दिलेलं नसतं. पण एआयची काळजी घेऊन जे येतात त्यांना मी हल्ली लवकरच विचारते, की या भीतीपायी तुम्ही असं काय करताय जे कोणाला सांगता येत नाहीये? उत्तरं निघतात. एक टीम लीडर नवीन मुलांना मुद्दाम अर्धवट शिकवत होता, म्हणजे स्वतःची गरज राहील. सुपर कॉरिडॉरवरची ती पंचविशीची मुलगी, तिचं उलटंच, तिचा निम्मा कोड चॅटजीपीटी लिहीत होता आणि ती टीममधे मीच लिहिला सांगत होती, वर मॅनेजरनं "व्हेरी गुड" म्हणलेलं. तिला भीती एआयची नव्हती, पकडलं जाण्याची होती. तिला मी इतकंच सांगितलं की एक छोटा तुकडा रोज त्याच्याशिवाय लिही, आणि टीममधे कोण कोण वापरतंय ते चहाच्या वेळी विचारून तर बघ. सगळेच वापरत होते.

पैशाचं पान मात्र प्रत्येकानं भरायचंच, नवरा-बायको दोघांनी मिळून, दिवसा. रात्री दहानंतर नाही. ग्रॅच्युइटी लागू होत असेल तर तिचा आकडा काढा, हाताशी असलेली शिल्लक लिहा, महिन्याचा खरा खर्च लिहा, आपण सांगतो तो नाही, भागाकार करा. आणि तुमच्या ऑफिसात जे सॉफ्टवेअर आलंय किंवा येणार म्हणतात ते नक्की काय करतं ते जाऊन बघा, चालवून बघा. कितीतरी जण ज्याला घाबरतायत ते त्यांनी कधी उघडूनसुद्धा बघितलेलं नसतं. साहेबाला विचारा, सरळ. "माझं काम पुढच्या वर्षी कसं असेल असं तुम्हाला वाटतं?" उत्तर गोलमोल आलं तरी ते उत्तरच आहे, त्यावरूनही कळतं.

घरच्यांना एक विनंती, "टेन्शन घेऊ नको" म्हणू नका. सुधीरजींच्या बायकोनं काय चेक करता असं विचारलं होतं, तो प्रश्न बरोबर होता, फक्त तो रात्री तीनला न विचारता सकाळी चहाला विचारायचा. आणि मालक मंडळींनो, नवीन काही आणताय तर माणसांना बसवून सांगा की कोणाचं काय होणार आहे, माहीत नसेल तर माहीत नाही म्हणून सांगा. छोट्या सेठनं आधीच दहा मिनिटं घातली असती तर ती लाल वही जन्माला आली नसती.

झोप दोन आठवड्यांच्या वर उडाली असेल, जेवण जात नसेल, जगण्यात अर्थ नाही असे विचार येत असतील तर माझ्यासारख्या समुपदेशकाची वाट बघू नका, डॉक्टरकडे जा, मानसोपचारतज्ज्ञाकडे. रात्री-बेरात्री कोणी बोलायला नसेल तर टेली मानसचा १४४१६ नंबर आहे, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास. २०२२ च्या ऑक्टोबरमधे सुरू झाला आणि अजून अर्ध्या लोकांना माहीत नाही.

आणि हो, "पण मॅडम, ज्याची खरंच जाते त्याचं काय?" हे विचारतीलच कोणीतरी. जाते. सुधीरजींच्या हाताखालच्या चौघांतल्या एका मुलाचं कंत्राट मार्चमधे पुढे वाढवलं नाही. सव्वीस वर्षांचा, तीन वर्षांची नोकरी. सुधीरजींनीच त्याला माझ्याकडे पाठवलं, पण त्याआधी त्याचं पान त्यांनी स्वतः बसून भरलं होतं, आणि शिल्लक दीड महिन्याची निघाली होती. दीड महिन्यात काय होतं ते आम्ही तिघांनी मिळून बघितलं. आता तो रामबागेतल्या एका सीएकडे रिटर्न्स भरायला लागलाय, छोटे दुकानदार, ज्यांची बिलं अजून कच्च्या कागदावर पेन्सिलीनं लिहिलेली असतात. पगार आधीपेक्षा चार हजारांनी कमी आहे. रूम बदलून तो मित्राबरोबर राहायला गेलाय, आणि त्या सीएकडे पुढच्या वर्षी तेच सॉफ्टवेअर येणार आहे हे त्यानंच मला सांगितलं, आधीच ट्रायल घेऊन बसलाय.